गर्भातला मेंदू आणि सामाईक जबाबदारी

आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते. फुलांची वाडी, ओटी, पेढा की बर्फी हे सारे झाले की बाळाची बुद्धी तेज व्हावी म्हणून आईने काय ऐकावे, काय वाचावे आणि काय मनातही आणू नये याच्या सूचनांना ऊत येतो. गेल्या काही वर्षांत या सूचनांना रीतसर वर्गांचे, शुल्काचे आणि मोबाइल ॲपचे रूप आले आहे. गर्भसंस्काराच्या नावाखाली संगीत, मंत्र, कोडी आणि 'सकारात्मक विचार' यांचे वेळापत्रक गर्भवतीच्या हाती दिले जाते आणि त्यातून हुशार, शांत, गुणी मूल मिळेल असे सुचवले जाते. या आश्वासनाची दुसरी बाजू कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक आईला ती ऐकू येते: मूल तसे झाले नाही, तर तुझेच काहीतरी चुकले.

प्रत्यक्षात सातवा महिना लागेपर्यंत बाळाच्या मेंदूच्या बाह्यपटलातील, म्हणजे कॉर्टेक्समधील, बहुतेक चेतापेशी जन्मलेल्या असतात, जन्मस्थानापासून प्रवास करून निघालेल्या असतात आणि आपापल्या थरात पोहोचलेल्याही असतात. हा प्रवास मुख्यतः गर्भधारणेच्या आठव्या ते चोविसाव्या आठवड्यादरम्यान होतो, आणि त्याची सुरुवात अशा दिवसांत होते जेव्हा घरातल्यांनाही बातमी जेमतेम कळलेली असते. या प्रवासाची यंत्रणा नीट समजून घेतली, तर गर्भातल्या मेंदूचा सगळा भार आईच्या मनावर टाकण्याची आपली सवय टिकू शकत नाही, असे माझे म्हणणे आहे. त्या भाराचा एक भाग कुणाचाच नसतो, आणि उरलेला बराचसा भाग मीठ, डास, औषधे आणि सरकारी नोंदणी यांसारख्या सामाईक व्यवस्थांवर येतो.

मेंदूचा आरंभ एका नळीतून होतो. नळीच्या आतल्या पोकळीला लागून असलेल्या थरात पेशींचे विभाजन चालू असते आणि कॉर्टेक्सच्या बहुसंख्य चेतापेशी तिथेच जन्मतात, पण त्यांना राहायचे असते बाहेरच्या पृष्ठभागाजवळ, सहा थरांपैकी आपापल्या थरात. प्रौढ माणसाच्या कॉर्टेक्समध्ये सुमारे १६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतील बहुसंख्य पेशींनी हा प्रवास केलेला असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदूची भिंत पातळ असल्याने अंतर फारसे नसते. पुढे भिंत जाड होत जाते, मध्ये हजारो पेशींची गर्दी वाढते, आणि नव्याने जन्मलेल्या पेशीला स्वतःच्या आकाराच्या शेकडोपट अंतर त्या गर्दीतून कापावे लागते. तिला वाट दाखवतात त्या रेडियल ग्लिया पेशी. या पेशीचा मुख्य भाग पोकळीजवळ असतो, आणि तिच्यापासून निघालेला एक अतिशय बारीक तंतू मेंदूच्या भिंतीची सगळी जाडी ओलांडून थेट बाहेरच्या पृष्ठभागाला जाऊन टेकतो.

हे तंतू नवे नव्हते. इटलीतील ज्युसेप्पे माजिनी यांनी १८८८ मध्येच त्यांच्यावर मण्यांसारख्या पेशी ओवलेल्या पाहिल्या होत्या. परंतु त्या पेशी तिथे का असाव्यात याचा निर्णायक पुरावा मिळायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. युगोस्लाव्हियात जन्मलेल्या आणि तेव्हा हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या पाश्को राकिच यांनी ऱ्हिसस माकडांच्या गर्भांचे मेंदू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एकापाठोपाठ एक काप घेत त्यांनी एकेक पेशी तिच्या संपूर्ण लांबीत पुन्हा उभी केली आणि १९७१ मध्ये लहान मेंदूबाबत (सेरिबेलम), १९७२ मध्ये कॉर्टेक्सबाबत दाखवून दिले की प्रवासी चेतापेशी ग्लियाच्या तंतूला बिलगून वर सरकते. स्थिर, मृत ऊतींच्या चित्रांवरून हालचालीचा निष्कर्ष काढणे हे धाडस होते. १९८० च्या दशकात मेरी बेथ हॅटन यांनी प्रयोगशाळेतल्या बशीत जिवंत पेशींचे चित्रीकरण केले, तेव्हा लहान मेंदूच्या चेतापेशी ग्लियाच्या तंतूवरून सरकताना प्रत्यक्ष दिसल्या.

कोकणात माडावर चढणारा माणूस जसा आधी हात वर नेऊन खोडाला मिठी घालतो आणि मग अंग वर ओढून घेतो, जवळजवळ तशीच ही पेशी चढते. तिचे पुढचे टोक तंतूवरून पुढे सरकते आणि पकड घेते, आतल्या सूक्ष्मनलिकांचे जाळे ताणले जाते आणि मग पेशीचे केंद्रक, जो तिचा सर्वांत अवजड भाग, त्या जाळ्याच्या साहाय्याने पुढे ओढला जातो. थोडी विश्रांती, की पुन्हा तेच. वेग तासाला मिलिमीटरचे काही शतांश. पकडीसाठी पेशीच्या आणि तंतूच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने लागतात. पृष्ठभागाजवळच्या काही पेशी रीलिन नावाचे प्रथिन सोडतात, आणि थरांचा क्रम नीट लागण्यासाठी ते अत्यावश्यक असते. तो क्रमही उलटा वाटावा असा असतो. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरांत बसतात आणि नंतर जन्मलेल्या पेशी त्यांना ओलांडून वर जातात. हे रीलिन ज्यांच्यात तयार होत नाही अशा डगमगत चालणाऱ्या उंदरांची नोंद १९५१ सालीच झाली होती, त्यामागचे जनुक १९९५ मध्ये हाती लागले. त्यांच्या मेंदूत पेशी असतात, पण थरांची मांडणी विस्कटलेली असते.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग २००० सालानंतर उलगडला. तोवर समज असा होता की चेतापेशींना जन्म देणाऱ्या पेशी वेगळ्या आणि त्यांना वाट देणाऱ्या ग्लिया वेगळ्या. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अर्नोल्ड क्रिगस्टीन यांच्या गटाने दाखवले की रेडियल ग्लिया स्वतःच विभागून चेतापेशी निर्माण करते, आणि नवजात पेशी बहुधा आपल्या जननीच्याच तंतूवरून वर चढते. म्हणजे जन्म देणारी आणि वाट देणारी पेशी एकच. साहजिकच, या एका पेशीवर आघात झाला तर मेंदूची पेशीसंख्याही घटते आणि ज्या पेशी जन्मतात त्यांची वाटही तुटते. काम संपत आले की बहुतेक रेडियल ग्लिया आपला तंतू आवरून घेतात आणि त्यांचे रूपांतर ताऱ्याच्या आकाराच्या दुसऱ्या ग्लिया पेशींत होते. त्यानंतर ती वाट पुन्हा बांधली जात नाही.

इथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. सर्वच चेतापेशी या तंतूंवरून येत नाहीत. कॉर्टेक्समधील संदेशांना आवर घालणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाकडच्या भागात जन्मतात आणि बरेचसे अंतर आडव्या दिशेने, वेगळ्या संकेतांच्या आधारे कापतात. लहान मेंदूतील चेतापेशींचा ग्लियाच्या आधाराने होणारा प्रवास तर जन्मानंतरही काही महिने चालू असतो. तरीही कॉर्टेक्सच्या मुख्य घडणीचा काळ गर्भारपणाच्या पूर्वार्धात येतो, हे यामुळे बदलत नाही.

हे ज्ञान दूरदेशीचे राहिलेले नाही, याचाही उल्लेख करायला हवा. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखवले की स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पसमध्ये एकाच जननी पेशीने चेतापेशी निर्माण करत राहायचे की ग्लियाकडे वळायचे, हे ठरवण्यात एलएचएक्स-२ या जनुकाचा मोठा वाटा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मद्रासच्या मेंदू संशोधन केंद्राने दुसऱ्या तिमाहीतील पाच गर्भांच्या मेंदूंच्या ५,१३२ छेदांचा त्रिमितीय नकाशा सर्वांसाठी खुला केला. चौदाव्या ते चोविसाव्या आठवड्यांतील मानवी मेंदू पेशींच्या पातळीवर कसा दिसतो, हे आज कुणालाही पाहता येते. प्रश्न उरतो तो एवढाच की या माहितीचा आपल्या सार्वजनिक वागण्यावर काही परिणाम व्हावा की नाही.

आधी त्या भागाविषयी, ज्याची जबाबदारी कुणाचीच नसते. काही मुलांच्या मेंदूला वळ्याच नसतात, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. वैद्यकात याला लिसेनसेफली म्हणतात. १९९३ मध्ये त्यामागचे पहिले जनुक, एलआयएस-१, सापडले, आणि १९९८ मध्ये एक्स गुणसूत्रावरचे डबलकॉर्टिन. दोन्ही जनुकांची प्रथिने नेमकी त्या टप्प्यावर काम करतात जिथे केंद्रक सूक्ष्मनलिकांच्या आधाराने पुढे ओढले जाते. डबलकॉर्टिनमध्ये दोष असलेल्या मुलग्यांत लिसेनसेफली दिसते. मुलींच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी प्रत्येक पेशीत एकच सक्रिय असल्याने त्यांच्या काही पेशी नीट पोहोचतात आणि काही वाटेतच थांबून कॉर्टेक्सच्या खाली दुसरा थर तयार करतात. अशा मुलीला अनेकदा लहानपणापासून फिट येतात. आणखी एका जनुकाच्या दोषात पेशी पोकळीजवळून निघतच नाहीत आणि तिथेच त्यांच्या गाठी राहतात. ही व्यक्ती हुशार, कर्तबगार असू शकते, आणि किशोरवयात किंवा त्यानंतर पहिली फिट येईपर्यंत कुणाला काही कळलेलेही नसते. एलआयएस-१ मधील दोष तर बहुतेक वेळा आईवडील दोघांमध्येही नसतो, तो त्या बाळातच नव्याने उद्भवलेला असतो.

अशा मुलाच्या आईला आपला समाज काय विचारतो ते आपण सर्वांनी ऐकले आहे. ग्रहणात विळी हातात घेतली होती का, डोहाळे पुरवले नव्हते का, त्या दिवसांत फार रडायची का. जुन्या काळी हे प्रश्न शेजारणी विचारत, आता तेच प्रश्न 'तणाव', 'नकारात्मक ऊर्जा' अशा नव्या शब्दांत सुशिक्षित घरांत विचारले जातात. रेणूंच्या पातळीवर घडलेल्या एका चुकीसाठी, जी तिच्या इच्छेने घडली नाही आणि तिच्या इच्छेने टळलीही नसती, ती बाई जन्मभर स्वतःला दोष देत राहते. नवऱ्याने टाकलेल्या, सासरहून परत पाठवलेल्या आया या दोषारोपातून निर्माण होतात. विज्ञानाने दिलेले उत्तर या आयांपर्यंत पोहोचवणे ही डॉक्टरांची, शाळांची आणि लिहिणाऱ्यांची जबाबदारी आहे. नुसते 'हे जनुकीय आहे' म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळणे पुरेसे नाही, कारण 'जनुकीय' हा शब्द ऐकताच घरात 'कुणाकडून आले' याचा नवा खटला उभा राहतो. आणखी एक गोष्ट इथेच सांगावी लागते. मेंदूच्या मोठ्या वळ्या बव्हंशी विसाव्या आठवड्यानंतर दिसू लागतात, त्यामुळे अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत लिसेनसेफली ओळखता येणे कठीण असते. त्या तपासणीत 'सारे ठीक' आले म्हणजे पुढे निघालेला दोष कुणाच्या हलगर्जीचा, असे समीकरण मांडता येत नाही.

आता दुसऱ्या भागाकडे वळू, ज्याची जबाबदारी निश्चितपणे घेता येते. चेतापेशींच्या जन्माला आणि प्रवासाला थायरॉक्सिन हे आयोडीनपासून बनणारे थायरॉइडचे संप्रेरक लागते. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन साठवू लागते, परंतु तिच्याकडून पुरेसे संप्रेरक मिळायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. म्हणजे प्रवास ऐन भरात असताना बाळाचा मेंदू जवळजवळ सर्वस्वी आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. आयोडीन कमी मिळालेल्या माद्यांच्या गर्भांत हिप्पोकॅम्पसमधील रेडियल ग्लिया पेशींची वाढच बिघडते, असे उंदरांवरील प्रयोगांत १९९७ मध्ये दिसले. माद्रिदमधील गाब्रिएला मोरेआले दे एस्कोबार यांच्या गटाला २००३ मध्ये आढळले की आईच्या थायरॉक्सिनमधील सौम्य कमतरतेनेही पिलांच्या काही चेतापेशी चुकीच्या थरांत, तर काही कॉर्टेक्सखालच्या पांढऱ्या भागातच राहतात. उंदरांवरून माणसावर उडी मारताना सावध असावे हे खरे. परंतु आयोडीनच्या तीव्र अभावाने माणसाच्या मुलांत येणारे कायमचे मतिमंदत्व आणि बहिरेपण हिमालयाच्या पायथ्याच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

त्यावर आपल्याच देशात उत्तर शोधले गेले. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीन मिसळलेले मीठ पुरवले आणि काही भागांत साधे. काही वर्षांतच आयोडीनच्या भागांत गलगंडाचे, म्हणजे आयोडीनअभावी थायरॉइड सुजण्याचे, प्रमाण झपाट्याने घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवर बंदी आली. २००० साली केंद्र सरकारने ही बंदी उठवली. सार्वजनिक आरोग्याच्या गोष्टी सक्तीने करू नयेत, लोकांना समजावून त्यांच्या निवडीवर सोडाव्यात, असा युक्तिवाद तेव्हा झाला, आणि लहान मिठागरांच्या हिताचा मुद्दाही त्याला जोडला गेला. २००६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. आज दुकानातल्या मिठात दशलक्ष भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असावे लागते.

निवडस्वातंत्र्याचा तो युक्तिवाद मी हलका मानत नाही. सरकारने आपल्या ताटात डोकावू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चेतापेशींच्या प्रवासाचे वेळापत्रक त्याच्या आड येते. ज्या आठवड्यांत आयोडीनची सर्वाधिक गरज असते, त्या आठवड्यांत अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेच ठाऊक नसते, आणि थायरॉइडमधला आयोडीनचा साठा तर त्याआधीच्या महिन्यांत भरलेला असावा लागतो. जी निवड करायची वेळ ती ओळखण्याआधीच निघून जाते, तिला निवड म्हणता येत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या आमटीत बिनबोभाट पडणारे मीठ हा म्हणूनच आईच्या शिरावरचा भार सगळ्यांनी मिळून उचलण्याचा उत्तम नमुना आहे. तिला कुठे नाव घालावे लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही, आणि विसरले म्हणून अपराधीही वाटत नाही.

याच कारणाने शहरी घरांतली एक नवी चाल मला चिंताजनक वाटते. 'नैसर्गिक' म्हणून सैंधव किंवा गुलाबी मीठ रोजच्या स्वयंपाकात आणले जाते, तर काही गावांत अजूनही लोणच्यासाठी, गुरांसाठी म्हणून घेतलेले जाडे मीठ सगळ्याच पदार्थांत पडते. सैंधवात नैसर्गिक आयोडीन नगण्य असते आणि मुद्दाम मिसळले नसेल तर ते आयोडीनचा स्रोत ठरत नाही. गर्भवतीला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे इतर प्रौढांपेक्षा जास्त, आयोडीन लागते. बाळाच्या बुद्धीसाठी महागड्या वर्गाला नाव घालणाऱ्या आणि त्याच आठवड्यात आयोडीनचे मीठ बंद करणाऱ्या घरात काळजीची उणीव मुळीच नसते, त्या काळजीला दिशा देणारे मात्र कुणी भेटलेले नसते.

गर्भवतींची सरसकट थायरॉइड तपासणी करावी, अशीही मागणी होते. २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी जोखीम असलेल्या गर्भवतींची करायची असते. ब्रिटन आणि इटलीतील सुमारे २२ हजार गर्भवतींच्या एका मोठ्या चाचणीत, थायरॉइडची कमतरता ओळखून औषध दिल्याने मुलांच्या तिसऱ्या वर्षीच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. तिथे उपचार साधारण तेराव्या आठवड्याच्या पुढे सुरू झाले होते, आणि कदाचित तोवर उशीर झाला असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. ते मत बरोबर असो वा नसो, गरोदरपण सुरू झाल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा दुकानातल्या मिठाचे नमुने नियमित तपासणे मला अधिक खात्रीचे आणि कमी खर्चाचे वाटते. ज्या स्त्रीला थायरॉइडचा आजार आधीपासून आहे तिची गोष्ट अर्थातच वेगळी. तिने गोळी चुकवू नये आणि दिवस राहताच मात्रा तपासून घ्यावी.

डासांच्या बाबतीत तर सामाईक जबाबदारी नाकारण्यास जागाच नाही. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात लहान डोक्याची बाळे मोठ्या संख्येने जन्मू लागली आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. यामागचा, डासांमार्फत पसरणारा झिका विषाणू गर्भाच्या मेंदूत नेमक्या कोणत्या पेशींत शिरतो याचा शोध अनेक प्रयोगशाळांनी काही महिन्यांतच घेतला, आणि उत्तर पुढे आले ते रेडियल ग्लियाचे. जन्म देणारी आणि वाट देणारी पेशी एकच असल्याने या विषाणूचा आघात इतका भीषण ठरतो: पेशी मरतात, उरलेल्यांचे विभाजन बिघडते, तंतूंची रचना मोडते, आणि काही बाळांच्या मेंदूवर वळ्याच उमटत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षे केवळ कुतूहलापोटी चाललेल्या मूलभूत संशोधनामुळेच हे उत्तर इतक्या लवकर मिळू शकले, हे विज्ञानावरचा खर्च मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या बेलसर गावात आढळला. २०२४ मध्ये राज्यात १४० रुग्णांची नोंद झाली, त्यांतील १२५ पुण्यातले होते आणि त्यांत गर्भवतींची संख्या लक्षणीय होती. त्या साथीत लहान डोक्याच्या बाळाची नोंद झाल्याचे वर्षअखेरच्या अहवालांत नव्हते, ही समाधानाची बाब आहे. संसर्ग झालेल्या प्रत्येक गर्भवतीच्या बाळाला इजा होत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हे प्रमाण शेकडा पाच ते पंधरा आहे. परंतु बहुतेकांना या तापाची लक्षणेच जाणवत नाहीत, त्यामुळे नोंदलेल्या आकड्यावर विसंबून राहता येत नाही. गर्भवती आपल्या घरातले पिंप, हौद आणि कुलर आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडा दिवस पाळू शकते. शेजारच्या अर्धवट इमारतीच्या तळघरात साचलेले पाणी, सोसायटीच्या गच्चीवरची उघडी टाकी किंवा पंक्चरच्या दुकानामागचे टायर तिच्या हातात नसतात. तिच्या बाळाच्या मेंदूतल्या ग्लिया पेशींचे रक्षण त्या क्षणी महापालिकेचा कीटक विभाग, बांधकाम व्यावसायिक आणि शेजारी यांच्या हाती असते. बांधकामावर डासांच्या अळ्या सापडल्या तर होणारा दंड म्हणजे किरकोळ महसूल नव्हे, हे नगरसेवकांना कुणीतरी याच भाषेत सांगायला हवे.

मद्य आणि काही औषधे यांचाही या प्रवासावर परिणाम होतो. मद्यामुळे रेडियल ग्लिया आपले काम संपण्याआधीच रूप बदलू लागतात, असे प्राण्यांत दिसले आहे. आपल्याकडे मला औषधांचा मुद्दा अधिक निकडीचा वाटतो. अपस्मारावरचे, म्हणजे फिट येण्याच्या आजारावरचे, व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाच्या मेंदूच्या घडणीला घातक ठरू शकते, हे आता सुस्थापित आहे, आणि युरोपात २०१८ पासून मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना ते देण्यावर कडक बंधने आहेत. आपल्याकडे अनेक मुलींना ते वर्षानुवर्षे दिले जाते, आणि पर्यायांची चर्चा लग्न ठरताना होत नाही, कारण आजारच लपवलेला असतो. इथे एक इशारा आवश्यक आहे: कोणत्याही स्त्रीने हे औषध मनाने बंद करू नये, त्यातून आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका होऊ शकतो. औषध बदलायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि गर्भधारणेच्या आधी.

गर्भसंस्काराच्या बाजूने प्रामाणिकपणे जे बोलता येईल ते नाकारण्याचे कारण नाही. या वर्गांमुळे गर्भवतीला आठवड्यातले दोन तास स्वतःसाठी मिळतात, बरोबरीच्या बायका भेटतात, नवरा कधी नव्हे तो सोबत येतो, आहाराकडे लक्ष जाते. आईचे तीव्र नैराश्य आणि घरातली हिंसा यांचा बाळावर परिणाम होतो, हेही खरे आहे. बाळाला गर्भात ऐकू येते, याला तर चांगला पुरावा आहे. साधारण पंचविसाव्या आठवड्यानंतर आवाजाला प्रतिसाद मिळू लागतो आणि नवजात बालक आईचा आवाज ओळखते, हे १९८० मध्येच प्रयोगाने दिसले होते. अभिमन्यूच्या कथेत लोकांना जे जाणवले होते त्यात निरीक्षणाचा अंश होता. परंतु ओळखीचा आवाज ऐकून बाळ शांत होणे वेगळे आणि त्या आवाजाने मेंदूची रचना अधिक बुद्धिमान होणे वेगळे. दुसऱ्या दाव्याला पुरावा नाही, आणि कान ऐकू लागतात तोवर कॉर्टेक्सचा पाया घातला गेलेला असतो. आईने गाणे ऐकावे, ओव्या म्हणाव्यात, आवडते ते वाचावे, ते तिच्या आनंदासाठी. त्या आनंदावर मुलाच्या बुद्ध्यांकाचे ओझे ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि सार्वजनिक संस्थांनी, विद्यापीठांनी अशा दाव्यांना आपले नाव देणे हा त्याहून मोठा अन्याय आहे.

खरी अडचण आपल्या एका जुन्या रिवाजात आहे. तीन महिने होईपर्यंत बातमी कुणाला सांगायची नाही, दृष्ट लागते, असे आपल्याकडे बहुतेक घरांत मानतात. पहिल्या तिमाहीत गर्भपाताचे प्रमाण अधिक असते, तेव्हा या गुप्ततेमागे दुःख जाहीर होऊ नये अशी समजूतदार इच्छाही असेल. पण त्यामुळे ज्या आठवड्यांत आशाताईने दारात यायला हवे, त्याच आठवड्यांत तिला दाराबाहेर ठेवले जाते. देशात पहिल्या तिमाहीत तपासणी होणाऱ्या गर्भवतींचे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ७० टक्के होते, म्हणजे तीस टक्के स्त्रिया त्यानंतरच दवाखान्याची पायरी चढतात किंवा चढतच नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणीही दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गर्भवतींसाठी आहे. ती चांगली योजना आहे, तिने अनेक मातांचे प्राण वाचवण्यास मदत केली असेल. तरी मेंदूच्या घडणीच्या दृष्टीने काळजीचा आरंभ लग्नानंतरच्या पहिल्या भेटीतच व्हायला हवा, जेव्हा आशाताई कुटुंबनियोजनाविषयी बोलायला येते. फॉलिक ॲसिडची गोळी, मिठाचे पाकीट, चालू असलेली औषधे आणि थायरॉइडचा किंवा फिटचा इतिहास हे चार विषय त्याच भेटीत, नवऱ्याच्या उपस्थितीत, निघावेत. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी तर गर्भधारणेच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच बंद होते, त्यामुळे गोळीसाठी बातमीची वाट पाहणे व्यर्थ आहे.

या व्यवस्थेतून सर्वांत आधी निसटतात त्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायका. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या निघतात आणि गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. या पाच-सहा महिन्यांच्या सुरुवातीला ज्यांना दिवस राहतात, त्यांच्या बाळाच्या चेतापेशींचा बहुतेक प्रवास फडातल्या कोपीत घडून जातो. मूळ गावची आशाताई इथे नसते आणि कारखान्याच्या गावची आशाताई त्यांना आपल्या यादीत धरत नाही. त्यांना मिळणारे मीठ, पिण्याचे पाणी, गोळ्या, आणि मोळी उचलण्यातून सुटी हे मुकादम आणि कारखाना यांच्या मर्जीवर असते. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात महामंडळ आहे, कारखान्यांच्या दारात दरवर्षी टोळ्यांची नोंद होते, कुणाची उचल किती हे वहीत पैशापैशाने लिहिलेले असते. त्याच वहीशेजारी गर्भवतींची यादी ठेवणे, पंधरा दिवसांतून एकदा आरोग्यसेविकेला तळावर पाठवणे, कोपीवर आयोडीनचे मीठ पोहोचवणे आणि तपासणीचा दिवस खाडा न धरता भरपगारी देणे, यांसाठी नव्या शोधाची गरज नाही. येत्या हंगामाचे गाळप परवाने देताना सरकार ही अट घालू शकते.